दुखण्याची वही

तिने बोट लावलं मात्र, माझ्या हाताने तिचं मनगट धरलं. मी धरलं असं म्हणवत नाही, कारण माझा तसा काही विचारच नव्हता. मी छताकडे बघत होतो, तोंड उघडं होतं, तोंडावरचा दिवा ऊबदार वाटत होता, आणि आता ती म्हणेल छान आहे काका, मग आपण खाली जाऊन चहा घेऊ, एवढंच मनात चाललेलं होतं. खालच्या जबड्याची डावी बाजू, दाढेच्या जागेच्या जरा मागे. हातमोज्याखाली तिची नाडी मला लागली. तिने बोट काढलं, मग मी हात काढला. मास्कच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे नव्हते, बाजूच्या ट्रेवर ठेवलेल्या माझ्या निळ्या वहीकडे होते. तिने मोजे उतरवले, वही उघडली आणि शेवटच्या तीन पानांवरून बोट खाली खाली नेलं. शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य. रोज झोपण्याआधी डावीकडे किती दुखलं, उजवीकडे किती दुखलं, शून्य ते दहा यातला एक आकडा लिहायचा, गोळी घेतली असेल तर पुढच्या रकान्यात दर गोळीमागे एक खूण करायची. एकेचाळीस दिवस लिहून झाले होते, आजचा बेचाळिसावा. 'काका,' ती म्हणाली, 'हे कुणी लिहिलंय?' मी म्हटलं, 'मीच.' 'बरं,' ती म्हणाली, 'एक एक्स-रे काढून घेऊ. मग मी सरांशी बोलून येते. तुम्ही इथेच बसा.' तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, सॉरी म्हणून मी मोकळा झालो असतो.

एक्स-रे काढून ती गेली. खुर्ची तशीच आडवी राहिली. ती सरळ करायचं बटण कुठे आहे ते मला ठाऊक आहे, या इमारतीतलं काय ठाऊक नाही मला, पण मी ते दाबलं नाही. छत्तीस वर्षं मी या दवाखान्याच्या तळघरात कवळ्या करतो आहे. वरच्या मजल्यांवर डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते खाली येतं, त्यात मी प्लास्टर ओततो, मेणात हिरड्या उभ्या करतो, दात लावतो, मग मेण जातं आणि तिथे गुलाबी प्लास्टिक येतं. मग यंत्रावर धरून घासायचं. हे शेवटचं घासणं मी कुणाला करू देत नाही. मेणात कुठे सुरी घसरली, कुठला दात काढून परत लावला, काही म्हणजे काही दिसता कामा नये, नखालासुद्धा लागता कामा नये. म्हणून खाली मला सगळे पॉलिश म्हणतात. एकदा टपालवाला माझ्या नावाचं पाकीट घेऊन आला तर आमच्यातल्याच एकाने, असा कुणी इथे नाही, म्हणून त्याला परत पाठवलं होतं. बायको म्हणते, कवळ्यांचं जाऊ द्या, तुम्ही माणसांनाही पॉलिश मारता. तिचं काही चूक नाही. जेवण कसं झालंय, उत्तम. हा रंग मला कसा दिसतो, झकास. तब्येत कशी आहे, एकदम फर्स्ट क्लास. चौतीस वर्षांच्या संसारात मला बरं वाटत नाही असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. एकदा ताप एकशे तीनवर गेला होता तेव्हा तो तिलाच शोधून काढावा लागला.

लोकांना दात देणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात दाढा नाहीत, हा खालच्या मंडळींचा आवडता विनोद. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणि पुढचं ते माझ्याकडे बघून गाळतात. पंचेचाळिशीत माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रोज जिन्यात शंभर डॉक्टर भेटायचे, मी नमस्कार करायचो, आणि एकालाही तोंड उघडून दाखवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दाढा हलायला लागल्या आणि एकेक करून गेल्या, आधी उजवीकडच्या, मग डावीकडच्या, पुढचे सहा तेवढे राहिले. दात गेला की खालचं हाडही थांबत नाही. ज्याला धरून ठेवायचं तोच उरला नाही तर ते कुणासाठी थांबणार, ते हळूहळू विरत जातं. माझ्या खालच्या जबड्यात मागे दोन्ही बाजूंना सुरीच्या पाठीएवढं हाड उरलं होतं. त्यावर बसतील म्हणून मी स्वतःसाठी चार अर्ध्या कवळ्या केल्या. चारही देखण्या झाल्या. चारही टेबलाच्या खणात पडून आहेत.

आणि मग ती आली. बोलताना मी तिला अहो-जाहो करतो, डॉक्टर म्हणतो, मनात मात्र ती 'ती'च आहे, वयाने माझ्या पुतणीएवढी असेल. वरचा डॉक्टर तळघरात उतरतो तो भांडायला, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. ही आली ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, 'काका, दात असतानाचं जबड्याचं हाड नेमकं कसं असतं ते मला मेणात करून दाखवाल का? पुस्तकातल्या चित्रावरून हाताला कळत नाही.' इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माप द्या, कवळी घ्या, एवढाच आमचा संबंध. मी तिला करून दाखवलं, मग ती तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन स्वतः करायला शिकली, बोटं भाजून घेतली, आणि शेवटी एक दिवस तिचा जबडा माझ्या जबड्याशेजारी ठेवला तेव्हा मला क्षणभर कोणता कुणाचा ते ओळखता आलं नाही. त्या सुट्ट्यांमधे तिने मला तिचं काम सांगितलं. पेशंटच्याच शरीरातल्या पेशी घ्यायच्या, बशीत वाढवायच्या, हळूहळू विरघळून जाणाऱ्या एका जाळीत त्या पेरायच्या आणि ती जाळी हाड गेलेल्या जागी बसवायची. जाळी विरघळत जाते, तिथे माणसाचं स्वतःचं हाड धरत जातं. पुढे हिरडीही तशीच. आणि फार पुढे, ती म्हणाली, मी असेन नसेन, पण कदाचित अख्खा दात, मुळापासून, ज्याचा त्याचा. मी म्हटलं, 'म्हणजे तुम्ही आमच्या धंद्याच्या मुळावर उठलात.' ती हसली. मला हसता आलं नाही, आतून फार आनंद झाला होता. कवळी कुणालाच लागू नये असं जगात कुणाला अगदी मनापासून वाटत असेल तर ते कवळी करणाऱ्याला वाटेल, निदान मला तरी वाटतं.

तिच्या प्रयोगाला अकरा माणसं लागत होती, त्यांतला एक मी झालो. एकाच तोंडात दोन उपाय करून बघायचे होते, एका बाजूला तिची नवी जाळी, दुसऱ्या बाजूला नेहमीची हाडाची भुकटी. कुठल्या बाजूला काय, हे पेशंटला सांगायचं नाही आणि पुढे तपासणार असलेल्या तिलाही कळू द्यायचं नाही. ऑपरेशन मोठे सर करतात, कुठल्या बाजूला काय ते लिहिलेलं बंद पाकीट तेच फोडतात, ती तेव्हा खोलीबाहेर असते. म्हणजे परीक्षेला बसलेली पोरगी आपलीच, आणि पेपरावरचं नाव झाकलेलं. परवानगीच्या सहीसाठी मी पेन उघडून बसलो होतो तर म्हणाली, 'नाही काका, आधी नीट ऐका,' आणि सगळी पानं मोठ्याने वाचून दाखवली, यात काय काय बिघडू शकतं ते दोनदा. सुई लावताना म्हणते, आता टोचेल, आणि तेव्हाच टोचतं. अशी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत. मोठे सर खुर्चीत घेण्याआधी पेशंटच्या पायावर चादर ओढतात का, नाही ओढत, ती ओढायची आणि मग बाहेर जायची. मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटायला लागलं. सारखं वाटायचं, घरी, रस्त्यात, यंत्रावर. आणि मी केलं ते काय, तर हे, वहीतलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी शहाणपणा केला. तोंड बधिर होतं पण कान शाबूत होते. भुकटी दाबून बसवताना हत्याराखाली किरकिर आवाज होतो, जाळीचा होत नाही, असा माझा हिशेब. ती किरकिर मला उजवीकडे ऐकू आल्यासारखी वाटली. झालं, छत्तीस वर्षांचा अनुभव, आपल्याला कोण फसवणार. उजवीकडे भुकटी, डावीकडे जाळी, डावी बाजू तिची, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून डाव्या बाजूला लेकीसारखं जपलं. पहिले अठरा दिवस मी वहीत खरं लिहिलं, दुखलं तेवढं, आणि ते कमी कमी होत गेलं. दोन आठवड्यांच्या तपासणीत तिने दोन्हीकडे बोट लावलं तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी तळघराचा जिना उतरताना डावीकडे आत खोल एक ठोका पडला. मग दुसरा. घरी येऊन वही उघडली, चार लिहायला पेन टेकवलं, आणि मला अकरा फायलींची ती चळत दिसली, तिच्या टेबलावर ती ज्या सरळ करत असते, एकेक कड जुळवून. शून्य लिहिलं. म्हटलं, एका शून्याने काय होतंय, उद्या थांबेल.

थांबलं नाही. मी उजवीकडेच चावायला लागलो, मग चावायचंच सोडलं, पातळ पातळ घेऊ लागलो. गोळ्या घेत होतो आणि गोळीचा रकाना कोरा ठेवत होतो. बायकोने विचारलं, 'डबीतल्या गोळ्या उंदीर खातात का आपल्याकडे?' मी म्हटलं, लॅबमधे एकाची कंबर धरली होती, त्याला दिल्या. दर आठवड्याला तिचा फोन यायचा. 'काका, कसं काय?' 'एकदम फर्स्ट क्लास. तुमच्या हाताला गुण आहे हो.' हात सरांचे होते, पण असो. ती फोनवर हसायची आणि मला ठणक्यातही बरं वाटायचं. मला कळत नव्हतं असं नाही. आत पू धरला असणार हे तळघरातल्या माणसालाही समजतं. खरं लिहिलं तर डावी बाजू उघडणार, आत जे घातलंय ते खरवडून फेकून देणार, आणि अकरांतली एक जाळी वाया गेली असं तिच्या कागदावर येणार. तीन वर्षं तिने नुसत्या परवानग्यांसाठी जिने झिजवले होते. नाही लिहिलं तर माझं उरलंसुरलं हाड जाणार. माझं हाड गेलं तर गेलं, साठीला टेकलोय. असा तो व्यवहार मी रोज करत होतो आणि रोज मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाहेर कुणीतरी ट्रॉली नेली, तिचं एक चाक वाजत होतं. दिवा विझवलेला होता. आणि तसाच आडवा पडलेला असताना मला आई आठवली, तिचं जेवण आठवलं, खरं म्हणजे तिचं न जेवणं. आई टेलिफोन ऑफिसात नंबर जोडून द्यायची, आवाज हे तिचं भांडवल. एकावन्नाव्या वर्षी तिचे सगळे दात काढले. मी तेवीस वर्षांचा, नोकरीला लागून सहा महिने झालेले, आणि मी आयुष्यात केलेली पहिली अख्खी कवळी ती तिची. घरी नेऊन दिली. तिने घातली, आरशात बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, 'अगदी मापाने बेतलीय रे.' मग अकरा वर्षं रस्त्यात कुणी भेटलं की ती ओठ मागे ओढून दाखवायची, मुलाने केली, माझ्या मुलाने. मी अधूनमधून विचारायचो, 'दुखत नाही ना गं?' 'छे रे, जन्माच्या दातांपेक्षा बरी.' एका घरात होतो तेव्हा तिची पाळी आणि माझी पाळी, जेवायच्या वेळा जुळायच्या नाहीत. लग्नानंतर मी वेगळा राहायला गेलो, आम्ही दोघं तिच्याकडे जेवायला जायचो तेव्हा ती नेहमी म्हणायची, माझं झालंय, तुम्ही बसा, मी वाढते. मला वाटायचं, आईच ती, आयांचं असंच असतं.

ती गेल्यावर मावशी, जी शेवटी तिच्याकडेच राहायची, भांडी आवरता आवरता सहज म्हणाली, 'ताईने जेवताना ती कधीच घातली नाही. सगळं खलबत्त्यात कुटून खायची. तू यायचास त्या दिवशी तेवढी सकाळपासून घालून बसायची, सवय व्हावी म्हणून.' मी कवळी लॅबमधे नेली आणि भिंगाखाली धरली. खालच्या कवळीची जिभेकडची कड उजवीकडे दोन मिलिमीटर लांब होती. त्या जागी कापसाचा एक बोळा चिकटून वाळलेला होता. दोन मिलिमीटर. यंत्रावर धरली असती तर पाच मिनिटांचं काम. अकरा वर्षं ती कड तिच्या मांसात रुतत होती आणि अकरा वर्षं ती ओठ मागे ओढून हसत होती. त्या दिवशी मी यंत्र चालू करून ठेवलं, आवाज व्हावा म्हणून, आणि रडलो.

पण त्याहून वाईट गोष्ट मला दुसऱ्या दिवशी समजली, आणि ती मी आजतागायत कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. आईची उत्तम बसली होती ना, म्हणून मी तीच माझी पद्धत धरली होती. ती कड मी सगळ्यांचीच तशी ठेवत आलो होतो. कुणी तक्रार घेऊन आलं की आम्ही खाली त्यांना किरकिरे म्हणायचो. माझ्या आईला चालते, यांनाच काय धाड भरली. असं अकरा वर्षं. जे परत आले त्यांची कड वरून आलेल्या चिठ्ठीप्रमाणे मी घासून दिली, कपाळाला आठ्या घालून. जे परत आले नाहीत ते आईसारखेच भले लोक असणार, घरी कुटून खात असणार. दुखतंय रे मेल्या, असं ती एकदा म्हणाली असती तर मी चांगला कारागीर अकरा वर्षं आधी झालो असतो. तिचा राग मी केला नाही, आजही करत नाही. एवढं प्रेम कुणी कुणावर करत नाही. पण त्या प्रेमाचा मला काडीचा उपयोग झाला नाही, हेही खरं आहे, आणि हे वाक्य मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली. त्या खुर्चीत ते पूर्ण झालं आणि पाठोपाठ वहीतली ती शून्यं समोर आली. मी बटण दाबून खुर्ची सरळ केली.

ती आत आली तेव्हा हातात एक्स-रे होता. तो तिने भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत लावला. उजवीकडे ढगासारखं काहीतरी पांढुरकं धरायला लागलं होतं. डावीकडे काळं. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'अर्ध्या तासात सर येतील,' ती म्हणाली, 'डावी बाजू आजच उघडावी लागेल. आत काय असेल ते काढून टाकायचं, धुऊन घ्यायचं.' मग ती स्टूल ओढून बसली, तळघरात बसायची तशीच. 'काका, किती दिवसांपासून?'

कालपासून. हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, अगदी घासूनपुसून तयार. कालपासून म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, वहीही खरी ठरली असती, मीही, तीही म्हणाली असती बरं झालं लगेच कळलं. तिचा चेहरा बघितला. तिलाही ते चाललं असतं असं मला वाटलं, निदान तेव्हा वाटलं.

'एकोणिसाव्या दिवसापासून,' मी म्हटलं.

तिने वही उघडून पान शोधलं. 'तेवीस दिवस,' ती म्हणाली. 'का?'

'डावी बाजू तुमची आहे म्हणून.'

'कुणी सांगितलं?'

'आवाजावरून. उजवीकडे किरकिर ऐकू आली होती.'

तिने कपाळाला हात लावला. आता ही रडते की काय असं मला वाटलं, पण ती रडली नाही. 'काका, माझी बाजू कुठली ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. उजवी माझी असली तर? तेवीस दिवस तुम्ही भुकटीला पैकीच्या पैकी मार्क देत बसलात.' हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एकदाही आलं नव्हतं. 'आणि डावी माझी असली,' ती म्हणाली, 'तर ती माणसाला दुखवते हे मला कळायलाच हवं. नाहीतर पुढे मी ती आणखी शंभर जणांच्या तोंडात घालणार. तुम्ही मला चांगलं म्हणता, आवडतं हो मला, खोटं कशाला बोलू. पण कौतुक करायला घरी माणसं आहेत. तुमचं दुखणं मला तुमच्याशिवाय कोण देणार?'

'बाकीचे दहा जण खरं लिहितात का?' मी विचारलं.

'सकाळपर्यंत वाटत होतं,' ती म्हणाली.

मी म्हटलं, व्हाइटनर द्या, आत्ता सगळं नीट करतो. ती म्हणाली, नाही, तसं चालत नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, आजची तारीख, सही, आणि आठवणीतून लिहिलं असं स्पष्ट लिहायचं. 'म्हणजे हे असंच राहणार?' मी विचारलं. 'सगळ्यांना दिसणार?' 'राहणार,' ती म्हणाली. 'चुकलं कुठे ते दिसलं पाहिजे, आणि सांगितलं कधी तेही.' तिने पेन दिलं. नखाला ओरखडा लागू न देणाऱ्या माणसाच्या हातात तिने पेन दिलं आणि सांगितलं, ओरखडे काढा, तेवीस.

पहिली रेघ मारायला वेळ लागला. एकोणीस, चार. मग हात चालायला लागला. आठवेल की नाही अशी मला धास्ती होती, पण एकही दिवस हरवलेला नव्हता. तेविसाव्या दिवशी मी एका म्हाताऱ्या मुख्याध्यापकांची वरची कवळी घासत होतो आणि यंत्राची थरथर दंडातून जबड्यापर्यंत येत होती, सहा. सत्ताविसाव्या दिवशी बायको कुणाची तरी नक्कल करत होती आणि मला हसताना तोंड पूर्ण उघडता येईना, मी खोकल्याचं सोंग केलं, सात. एकतिसाव्या दिवशी ती स्वतःच खाली आली होती, माझाच दोन आठवड्यांचा एक्स-रे सगळ्यांना दाखवायला, आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो. आठ. ते लिहिताना मी थांबलो, तिनेही तारीख बघितली आणि नजर खाली घेतली. छत्तिसाव्या दिवशी खरोखर कमी होतं, तीन, मला तेव्हा वाटलं होतं जिंकलो. उगाच पाच लिहावं असा मोह झाला, इतकं लपवलं तर जरा जास्तच भरपाई करावी, पण तेही पॉलिशच झालं असतं. तीन लिहिलं. गोळ्यांच्या रकान्यात खुणा केल्या, एकूण एकतीस. पानं कुरूप दिसायला लागली, रेघा, आकडे, सह्या, दाटीवाटीने. अशी कामं खाली कुणी केली तर मी त्याला उभा करतो.

'आणि उजवीकडे?' तिने विचारलं. 'तिथलीही शून्यं आहेत.'

'ती खरी आहेत.'

ती बघत राहिली.

'आईशपथ,' मी म्हटलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

सर आले, बाहेर हात धुण्याचा आवाज यायला लागला. तिने वही मिटली, माझ्या पायांपासून छातीपर्यंत चादर ओढली, खुर्ची परत आडवी केली. आता ती बाहेर जाणार होती, नियमाप्रमाणे. मला एकच विचारायचं होतं आणि विचारू नये हेही कळत होतं, कारण अशा प्रश्नाचं उत्तर सगळीकडे ठरलेलं असतं. तरी विचारलं. 'डॉक्टर, माझ्यामुळे तुमच्या कामाचं नुकसान झालं का हो?'

'नाही हो काका,' ती म्हणाली, दाराकडे वळता वळता, जसं कुणीही म्हणेल तसं. मग ती थांबली. परत आली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, 'झालं. बरंच झालं. तेवीस दिवसांचे आकडे मला धरता येणार नाहीत. आणि एकोणिसाव्या दिवशी कळलं असतं तर तुमचं निम्मं हाड वाचलं असतं.'

सर आत आले. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात चादरीखाली अडकले होते. मी तिला 'थँक्यू' म्हटलं आणि तोंड उघडलं.